दार लावून खाल्लेला खिमाभात

चाऊ डॉक शहरासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, चाम मुसलमानांच्या वस्तीत, सारिनाचं घर उंच खांबांवर उभं आहे. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला माग चालवता यायचा, पण रस्सा काही जमत नव्हता. तो नवऱ्यानं शिकवला. ताहिर म्हणजे मशिदीतल्या पंगतींचा मुख्य आचारी. त्यांच्यात सणाची देग पुरुषच चढवतात. बायका वाटण वाटतात आणि नावं ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात ताहिरचे उरलेसुरले दात गेले. कवळी केली, ती हिरड्यांना टोचायची. त्यानं ती कपाटावर टाकून दिली. तेव्हापासून सारिना घरी खिमा करू लागली. बैलाचं ताजं मांस आणायचं आणि लाकडी ओंडक्यावर दोन सुऱ्यांनी कुटायचं. यंत्रातला खिमा तिला चालत नसे; तो रश्श्यात पिठासारखा विरतो, हातानं कुटलेल्याला दाणा राहतो. भाजलेलं खोबरं, गवती चहा, सुकी मिरची, चक्रीफूल, सगळ्याचं वाटण नारळाच्या घट्ट दुधात तेल सुटेपर्यंत परतायचं. मग खिमा आणि वरून पातळ दूध. खोलगट वाडग्यात भात घालून तो बुडेल इतका रस्सा ओतायचा. ती बिस्मिल्ला म्हणून वाडगा पुढे ठेवी. त्यावर ताहिरचं रोजचं एकच वाक्य.

"दार लाव आधी."

वस्तीत खिमा म्हणजे पोरांचं, नाहीतर बाळंतिणीचं खाणं. पुरुषानं मोठे तुकडे खायचे, तेही चौघांनी एका ताटाभोवती बसून. एकदा ज्यांच्याशी ताट जमलं, ते जन्माचं. ताहिरच्या ताटातले दोघे अल्लाघरी गेले होते. त्यांच्या जागी दोन तरुण बसत. जुना असा एक इदरिसच उरला होता. पण दात गेल्यापासून ताहिर पंगतीकडे फिरकला नव्हता. कधी पोट दुखे, कधी गुडघा. मौलिद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा सण, चार दिवसांवर आला होता. ताटातली जागा कुणी फार दिवस रिकामी ठेवत नाही. दुसऱ्याला बसवतात, आणि बसलेल्याला मग उठवत नाहीत. सारिनाला हे आतून कुरतडत होतं. बोलायची मात्र सोय नव्हती. "कुणाला कळलं तर तुझी माझी गाठ आहे," असं सांगून त्यानं तिच्याकडून शब्द घेतला होता.

त्या दुपारी वाडगा नुकताच वाढला होता, तोच जिन्याखालून हाक आली.

"अस्सलाम अलैकुम! अरे ताहिर, घरात आहेस की गेलास नदीतून वाहून?"

ताहिरनं ओठांवर बोट ठेवलं. शब्द नवऱ्याला दिला होता, हे खरं. पण दारात सलाम आला आणि आपण श्वास रोखून बसलो, तर संध्याकाळी नमाजाला कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"व अलैकुम अस्सलाम, इदरिसदादा. या, वर या."

ताहिरनं डोळे वटारले. पण तिनं दार उघडलं.

इदरिसनं आत येऊन वाडग्यात डोकावलं. "हे काय? घरात बाळंतीण कोण आहे, वहिनी?"

सारिना दुसरा वाडगा भरायला गेली. पाहुणा जेवणाच्या वेळी आला होता आणि घरात दुसरं काही नव्हतं. मागून ताहिरचा आवाज आला.

"दात पडलेत माझे. सगळे."

"एवढंच?" इदरिस मटकन खाली बसला. "मेल्या, मला वाटलं तू रुसलास. रमजानच्या पंगतीत मी तुझ्या रश्श्याला पाणचट म्हणालो होतो ना? रात्र रात्र तेच आठवत बसलोय."

"पाणचटच झाला होता तो. पातळ दूध आधी पडलं."

"मग तेव्हाच का नाही कबूल केलंस?"

"तुझ्यापुढे?"

इदरिस हसला आणि जेवू लागला. त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला. हात धुताना म्हणाला, "मौलिदला ये. आपल्या ताटात हेच वाढू."

"ती दोन पोरं हसतील."

"हसू देत. पंगतीत तोंड बंद ठेवायचं, हे त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही."

इदरिस गेल्यावर सारिना भांडी गोळा करू लागली. आता बोलणी खायची, अशी मनाची तयारी करूनच.

"मी शब्द मोडला," ती म्हणाली.

"मोडलास." तो खिडकीतून नदीकडे पाहत होता. मग म्हणाला, "चार माणसांच्या ताटाला मांस किती कुटावं लागेल गं?"

तिनं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मग मौलिदला पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर लगेच मशिदीत कुटायला बसायला हवं. ती पोरं तिथला ओंडका धुऊन ठेवतील, याचा भरवसा नाही."