हजार लिहिलेलं नाणं

चंद्रमतीच्या निवृत्तीला तेवीस दिवस उरले होते, तेव्हा वासुकी नावाची बाई बँकेत तिच्या काउंटरशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सडपातळ, कपाळ मोकळं. वारलेल्या नवऱ्याचं खातं बंद करायला आली होती. नवरा चिन्नय्या तंजावुरात फरशी बसवायची कामं करायचा म्हणून खातं या शाखेत. घर मात्र पापनाशमपलीकडच्या एका खेड्यात. कागद सगळे बरोबर होते. खात्यातले चार हजार दोनशे चंद्रमतीनं तिच्या हातात ठेवले आणि पुढच्या माणसाकडे मान वळवली.

बाई हलली नाही. पदराची गाठ सोडून तिनं एक नाणं काढलं आणि काचेखालून आत सरकवलं.

"हेही त्यांचंच. हेही घ्या, मॅडम."

चंद्रमतीनं एकोणचाळीस वर्षं नाणी हाताळली होती. इतकं मोठं आणि जड एकही नव्हतं. एका बाजूला तंजावुरच्या मोठ्या देवळाचं चित्र, दुसऱ्या बाजूला हजाराचा आकडा. देवळाला हजार वर्षं झाली तेव्हा सरकारनं असं चांदीचं नाणं काढलं होतं, हे तिनं ऐकलं होतं. रोज देवळावरून जाऊनही नाणं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिनं ते मॅनेजरकडे नेलं. त्यांनी उलटंसुलटं केलं आणि सांगितलं की नाणं खरं आहे, पण चलनासाठी काढलेलं नाही. टांकसाळ अशी नाणी हौशी लोकांना विकते. बँकेला ती घेता येत नाहीत, बदलून देता येत नाहीत.

चंद्रमतीनं परत येऊन हे सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. मग नाण्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सरकारनंच लिहिलंय ना?"

मागे रांग वाढत होती. बाईचा चेहरा रडवेला नव्हता, हट्टीही नव्हता. फार दिवस एखाद्या उत्तराची वाट पाहिल्यावर होतो तसा होता. चंद्रमतीनं आयुष्यात नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं खणातली स्वतःची पर्स उघडली, दोन पाचशेच्या नोटा काढल्या, काचेखालून बाहेर दिल्या आणि नाणं पर्समध्ये टाकलं. बाईनं नोटा कपाळाला लावल्या आणि गेली. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर कारणं दाखवा नोटीस आली असती, एवढं चंद्रमतीला ठाऊक होतं.

घरी तिनं ते मुलीला, नित्याला, दाखवलं. देवळाचं नाणं, देवघरात ठेवू, असं तिच्या मनात होतं. या घरात मराठी दीडदोनशे वर्षं तमिळ मुलखात मुरून वेगळीच झालेली. नित्याला सगळं कळायचं, उत्तर मात्र निम्मं तमिळमध्ये यायचं. तिनं नाणं हातात घेऊन वजन पाहिलं, फोनवर शोधलं आणि मराठीतच विचारलं, "आई, तुवां हे कितीला घेतलें?"

"हजाराला. हजारच लिहिलें आहे त्यावर."

नित्यानं फोन पुढे केला. टांकसाळीनं विकलं तेव्हाच चार-पाच हजारांच्या घरात होतं. नुसती चांदीही हजाराच्या कितीतरी वर भरेल. "त्या बाईला माहीत होतें?" तिनं विचारलं.

चंद्रमतीनं नाणं देवघरात ठेवलं नाही. पर्समध्येही राहू दिलं नाही. स्वयंपाकघरात तुरीच्या डब्यामागे ठेवलं, सकाळी काढून कपाटात ठेवलं, बँकेला निघताना पुन्हा पर्समध्ये घातलं. तीन दिवस हेच. काउंटरवर बसून एका विधवेचा माल पाचव्या हिश्शाला घेतला, असं तिचं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, मी कुठे काय विकायला सांगितलं, मी दया केली. पण दया केली म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटे. दोनदा नोटा मोजताना आकडा चुकला. शेजारच्या काउंटरवरची अखिला, नुकतीच लागलेली पोरगी, चकित होऊन पाहत राहिली. चंद्रमतीअक्का चुकतात हे शाखेत कोणी पाहिलं नव्हतं. घरी सांबारात मीठ दोनदा पडलं. नवरा हरिप्रसाद म्हणाला की निवृत्तीची धास्ती घेतली आहेस. तिनं तसंच समजू दिलं.

चौथ्या दिवशी रविवार होता. खातं बंद करण्याच्या अर्जावरचा पत्ता तिनं पाहून ठेवला होता. तेही नियमाबाहेरचंच. पापनाशमपर्यंत मोठी बस, तिथून गावाकडची लहान बस. दोन्हीकडे भाताची हिरवी शेतं, कालवे, नारळी. आख्ख्या वाटेत तिनं पर्सची चेन चारदा उघडून पाहिली. बाई घरी नसली तर? असली आणि भांडली तर? मुलगा वगैरे असला आणि बँकेत तक्रार करतो म्हणाला तर?

थांब्यावर चहाच्या टपरीवाल्याला तिनं चिन्नय्याचं घर विचारलं. तो म्हणाला, "कोण? आयिरम का?" आणि मग काहीतरी आठवल्यासारखा गप्प झाला. आयिरम म्हणजे तमिळमध्ये हजार. दुसऱ्या गल्लीत, पंपाशेजारी, असं त्यानं खाली पाहत सांगितलं.

वासुकीनं तिला ओळखलं आणि घाईघाईनं चटई टाकली. ताक आणलं. चंद्रमती नाण्याचं काढणार, तोच वासुकी आपणहून बोलायला लागली. ती बोलत गेली आणि चंद्रमतीचं ताक हातातच राहिलं.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी चिन्नय्यानं तंजावुरात एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या घरी फरशी बसवली. काम मनासारखं झालं. गृहस्थ घर विकून परदेशी मुलाकडे चालले होते; जाताना मजुरीवर बक्षीस म्हणून त्यांनी हे नाणं दिलं. हजार रुपये, म्हणाले. चिन्नय्या तसाच पापनाशमच्या कापडदुकानात गेला, बायकोसाठी साडी निवडली आणि गल्ल्यावर नाणं ठेवलं. दुकानदार हसला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्यांत गावचा एक माणूस होता, म्हणून संध्याकाळच्या आत गाव हसलं. खेळण्यातल्या पैशानं साडी आणायला गेला! त्या दिवसापासून त्याचं नाव आयिरम. लग्नात, देवळात, टपरीवर, सगळीकडे आयिरम. तोही हसायचा. घरी आला की नाणं दगडावर घासून बघायचा, खरं आहे का म्हणून.

"मग नोटा बंद झाल्या ते साल आलं," वासुकी म्हणाली. "लोक म्हणाले, आता तुझाही हजार बुडाला, जा, भरून ये. ते गेले. तुमच्याच बँकेत, मॅडम. अर्धा दिवस रांगेत उभे होते. काउंटरवरून सांगितलं, बंद झाल्यात त्या नोटा, आणि हे आम्ही घेत नाही. सरका."

चंद्रमतीनं भांडं खाली ठेवलं. त्या महिन्यात काउंटर दोनच चालू होते. एकावर ती होती. हजारो हात काचेखालून आले होते, चेहरा एकही आठवत नव्हता. पण 'सरका' हा शब्द तिचाच होता. त्या दिवसांत तिनं तो दिवसाला शंभर वेळा उच्चारला असेल.

वासुकी आत जाऊन एक पुडकं घेऊन आली. पिवळ्या काठाची जांभळी सुती साडी. त्याच दुकानातून परवा आणली होती. दुकानदाराला तिनं सांगितलं की आयिरमच्या नाण्याचे बँकेनं हजार दिले, ही घे नोट. टपरीवरही सांगून आली. म्हणून तर टपरीवाला गप्प झाला होता.

आता हे सारं मोडायचं होतं. न बोलता परत जाता आलं असतं. नाणं परत न करता, पाच हजारांचं तोंडातून न काढता. चंद्रमती उठून दारापर्यंत गेली, पुन्हा येऊन बसली. शेवटी तिनं नाणं काढून चटईवर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं: बँकेनं ते घेतलेलं नाही, पैसे माझ्या पर्समधले होते, आणि नाण्याची किंमत हजार नाही, चार-पाच पट आहे.

वासुकी बराच वेळ साडीची घडी नीट करत बसली. ती आधीच नीट होती.

"म्हणजे हजार रुपये नव्हतेच ते," ती म्हणाली.

"होते. पण हजार म्हणून कोणी घेणार नाही. दुकान नाही, बँक नाही. हौशी माणूस घेईल, तो जास्त देईल."

वासुकीनं नाणं हातात घेतलं नाही. ते तुम्ही हजार देऊन घेतलंत, तुमचंच झालं, असं म्हणाली. चंद्रमती ऐकेना. ती म्हणाली की ते घेऊन मी घरी गेले तर मला जेवण जाणार नाही. दोघींची थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी वासुकीनंच ठरवलं: विकू या, तुमचे हजार तुम्ही घ्या, उरलेले मी घेते, आणि आत्ताच जाऊ, उद्या माझं मन फिरेल.

जुन्या नाण्यांचा एक व्यापारी तंजावुरात राजवाड्याजवळच्या बोळात बसतो. रविवारी त्याचं दुकान उघडं असतं, कारण पर्यटक येतात. त्यानं नाणं हातात घेतलं नाही. आधी मऊ फडकं पसरलं, त्यावर ठेवायला सांगितलं, मग दोन बोटांनी कडेला धरून भिंगाखाली पाहिलं. वासुकी त्याच्या बोटांकडे टक लावून पाहत होती. त्या नाण्याला असं कोणी कधी धरलं नव्हतं.

घासल्याच्या खुणा आहेत, डबी नाही, टांकसाळीचा कागद नाही, असं तो म्हणाला. कोरं असतं तर बरंच जास्त दिलं असतं. याचे पाच हजार. कुठून आलं, त्यानं विचारलं.

"माझ्या नवऱ्याला बक्षीस मिळालं होतं," वासुकी म्हणाली. "हजार रुपये म्हणून."

"मग देणारा मोठ्या मनाचा होता."

पैसे घेऊन दोघी बसस्टँडकडे निघाल्या. फुलवाल्यांच्या रांगेपाशी वासुकी थांबली. तिनं हजार वेगळे काढून चंद्रमतीच्या हातात दिले, आणि मग तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "अक्का, त्या दिवशी रांगेत त्यांना हे कोणी का सांगितलं नाही? घेत नाही म्हणाले, ठीक. पण याला जास्त मोल आहे, एवढं एक वाक्य?"

कदाचित मीच होते, असं चंद्रमतीच्या ओठांवर आलं. "आम्हांलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. वासुकीनं मान हलवली. बस लागली होती. साडीबद्दल, टपरीवाल्याबद्दल, आता गावात काय सांगणार याबद्दल ती काही बोलली नाही. खिडकीशी बसली आणि समोर पाहत राहिली.

सोमवारी चंद्रमती मॅनेजरकडे गेली. काउंटरजवळ एक कागद लावू या, असं तिनं सुचवलं: अशी नाणी इथे बदलून मिळत नाहीत, पण कोणाला लिहिलेल्या किमतीला देऊन टाकू नका, आधी जाणकाराला दाखवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की सूचना वरून येतात, आपण आपल्या मनानं लावत नाही. तिनं दोन दिवस थांबून पुन्हा विचारलं. उत्तर तेच मिळालं.

महिनाअखेरीला हार, शाल, भाषणं झाली. घरी निघण्याआधी ती अखिलाच्या काउंटरशी गेली आणि चिन्नय्याची सगळी हकीकत तिला सांगायला लागली. नाणं, दुकान, रांग. मध्येच गिऱ्हाईक आलं. अखिला नोटा मोजत मोजत 'हो अक्का, हो' म्हणत राहिली. तिनं नेमकं किती ऐकलं, कोणास ठाऊक. चंद्रमती हार हातात धरून तिथेच उभी राहिली, गिऱ्हाईक गेल्यावर उरलेलं सांगायला. पण त्याच्यामागे आणखी एक होतं, आणि त्याच्यामागे आणखी दोन.