बंद गिरणीचं काम

भुसामामा कुठल्याही गिरणीत शिरले की आधी धान्याकडे बघायचे नाहीत. यंत्र कुणी दिलं, नारळ कुणी फोडला, हे सांगायला माणसं पुढे व्हायची; तोवर हे मागच्या दाराने जाऊन भुशाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभे. वरचा भुसा ताजा आणि आतला कुबट लागला की समजायचं, यंत्र आज आपल्यासाठीच चालू झालंय. "दाणा पाहुण्याला दाखवायलाच ठेवतात. भुसा कुणी सजवत न्हाई," असं म्हणत ते बाही झटकायचे. शिरूर-दौंडकडच्या गटांतल्या बायकांनी त्यांचं नावच भुसामामा पाडलं होतं.

पुण्यातली एक संस्था गरीब शेतकऱ्यांच्या गटांना डाळ गिरण्या, बाजरी साफ करायची यंत्रं द्यायची, आणि दिलेलं यंत्र परवडतंय का हे बघायला मामांना पाठवायची. मामा शेतकी पदवीधर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, जिभेने तिखट. स्वतःच्या अहवालांवर त्यांचं वेड्यासारखं प्रेम. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते अहवालातली वाक्यं वाचून दाखवायचे. तो बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला की म्हणायचे, "ऐका हो, तुमच्याच पोटाचं हाय."

मी त्यांची मदतनीस. आमचं घर यवतला, आणि घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे इतके, की बसायला जागा हवी तर आधी एखादं आंदोलन उचलून बाजूला ठेवावं लागे. मी तावातावाने बोलू लागले की मामा मला 'पत्रक' म्हणून हाक मारायचे. "पत्रक, थांब. कोण कुणाला लुटतंय ते नावानिशी सांग. नुसतं शोषण म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आन् चहा मागवतो." तेव्हा राग यायचा. अजूनही बोलताना मी त्या वाक्याला अडखळते.

तपासणीच्या दिवशी शेजारच्या आळीतून भरली पोती मागून आणायची, ही आमच्या भागातली रीतच. मुलीला बघायला पाहुणे यायचे म्हटल्यावर शेजारच्या खुर्च्या आणतात ना, तशी. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. घोड नदीकाठच्या एका गावात हिराबाईंच्या गटानेही तेच केलं होतं. त्यांची डाळ गिरणी बंद होती आणि दारात कुणाकुणाची पोती रचलेली. मामांनी ती सगळी परत पाठवायला लावली.

"मामा, रिकामी गिरनी बघून वरचे सायब काय म्हनतील?" हिराबाईंनी विचारलं.

"हाय तसं दिसू द्या. खरं लिहिलेलं कुणी वाकडं करत न्हाई."

हिराबाईंनी पदर खोचला आणि एकेक पोतं पुन्हा पोराबाळांच्या डोक्यावर चढवलं.

गिरणी बहुतेक महिने बंदच असायची. तूर निघाली की थोडे दिवस चालायची, मग तिच्यावर बारदान पडायचं. कुणी दुसरा असता तर 'परवडत नाही' असं लिहून दुपारच्या गाडीने निघाला असता. मामा घरोघर फिरले. तूर कुणाला विकता, काय भावाने, आधी काय मिळायचं, हेच विचारत राहिले. शेवटी हिराबाई म्हणाल्या, "गिरनी न्हवती तवा व्यापारी म्हनायचा, द्यायची तर द्या, न्हाईतर बसा घरी जात्यावर भरडत. आता भाव सांगताना तो आदी गिरनीकडं बघतो." ज्या बायांनी गिरणीत कधी मूठभर तूर नेली नव्हती, त्यांनाही भाव वाढून मिळत होता. आपण यांना दुखावलं तर या स्वतःच डाळ करतील, एवढी धास्ती व्यापाऱ्याला पुरे होती.

मामा हरखले. त्यांनी लिहिलं, 'ही गिरणी बंद असतानाही काम करते.' परतीच्या एसटीत हे वाक्य कंडक्टरलाही ऐकावं लागलं.

संस्थेच्या कार्यालयात एवढंच वाचलं गेलं, की गिरणी बंद असते. व्यापाऱ्याची धास्ती कुठल्या रकान्यात भरायची, असं तिथल्या तरुण अधिकाऱ्याने हसत विचारलं. महिन्याभरात टेम्पो आला. गिरणी सणसवाडीकडच्या मोठ्या केंद्रात गेली. तिथे ती बारा महिने चालते आणि व्यापाऱ्यांची तूर भरडते. संस्थेच्या यशोगाथेत तिचा फोटो आहे. वर्षाच्या कार्यक्रमात निर्भीड मूल्यमापनासाठी मामांना शाल-नारळ दिला. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. मामांनी शाल घेतली, खांद्यावर घातली नाही.

पुढच्या हंगामात व्यापाऱ्याने भाव पाडला. मामा स्वतःहून गावात गेले, मी सोबत होते. शिव्या बसतील अशी आमची तयारी होती. हिराबाईंनी ओट्यावर चटई टाकली, चहा दिला. मामांचा कप रिकामा झाल्यावर त्या बोलल्या. "तुमी खोटं न्हाई लिवलं, ह्ये आमाला ठावं हाय. पर वाचनारं कोन हाय, त्ये आदी बघाया हवं हुतं." मामांनी मान हलवली. परतीच्या एसटीत त्यांनी अहवालाची पिशवी सीटखाली सरकवून दिली.

त्यानंतरची आमची फेरी दौंड तालुक्यातल्या एका गावात होती. तिथल्या बायकांना बाजरी साफ करायचं यंत्र मिळालेलं, आणि तेही बहुतेक बंदच. मामांनी एकच चौकशी केली: व्यापारी काय म्हणतो? आधी तो खड्यामातीच्या नावाने भाव कापायचा, आता कापत नाही, असं उत्तर आलं. मामांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'यंत्र नियमित चालू.'

"मामा, हे खोटं आहे."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून सही मी करतोय. तू करू नकोस."

दौंडच्या स्टँडवर त्यांनी अहवाल माझ्या हातात दिला, कार्यालयात पोचता करायला. सोबत राजीनामा होता. एकदा खोटं लिहिलेल्या माणसाने यापुढे कुणाला तपासू नये, एवढंच म्हणाले आणि शिरूरच्या गाडीत चढले. नंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी कांदे, पाऊस, माझं लग्न, सगळं विचारलं. कामाचा विषय निघाला की आत उठून जायचे.

त्या गावातलं यंत्र अजून जागेवर आहे आणि बाजरीला भाव टिकून आहे. आयुष्यभर खरं लिहिणाऱ्या माणसाच्या हातून एकच खोटं लिहिलं गेलं, आणि गरिबाच्या कामी आलं ते तेवढंच.