आतोबांच्या गाडीची खुशाली

आमच्या आतोबांइतकं गाडीवर प्रेम करणारा आणि गाडीत इतकं कमी बसणारा माणूस ग्वाल्हेरात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, सिंचन खात्यात नकाशे काढणारे. दिल्लीतल्या कुठल्याशा दूतावासाने काढून टाकलेली एक विलायती टर्बो गाडी त्यांनी हौसेने आणली, आणि त्या दिवसापासून ते दर्पण कॉलनीतल्या घरात कमी आणि बॉनेटखाली जास्त राहू लागले. बाजारात मात्र सायकलने जात. का, असं विचारलं तर म्हणत, आज तिला जरा बरं वाटत नाहीये. पाटणकर बाजारातल्या एका मेकॅनिकने एकदा बॉनेट उघडलं, आत पाहिलं, हात जोडले आणि "साहब, इसको आप ही सँभालो" म्हणत ते परत लावून टाकलं. आतोबांनी हे प्रशस्तिपत्र समजून पाहुण्यारावळ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं.

गाडीचं दुखणं ठरलेलं होतं. इंजिनाच्या पोटात धूर आणि वाफा साठतात. त्या बाहेर नेणाऱ्या रबरी नळ्या जुन्या होऊन तुंबल्या, की आतला दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. त्यात ही टर्बोची गाडी, म्हणजे दाब अधिकच. एकदा तेल मोजायची पट्टी आपणहून उडाली आणि कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंच्या पापडांवर जाऊन पडली. रोगाची परीक्षा करायची आतोबांची रीत अशी, की तेल ओतायच्या तोंडावर आत्याचा भांडी घासायचा रबरी हातमोजा बसवायचा आणि इंजिन सुरू करायचं. मोजा लुळा राहिला तर नळ्या मोकळ्या. आमच्याकडे तो टम्म फुगायचा आणि पाचही बोटं वर करून थरथरायचा. येणारेजाणारे थांबून बघत. "आशीर्वाद देतेय," असं म्हणून आत्या नया बाजारात नवा हातमोजा आणायला निघायची.

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळा झाला, तेव्हा नद्या-धरणांबरोबर खात्यांतली माणसंही वाटली गेली. यादी लागली आणि आतोबांचं नाव रायपूरच्या बाजूला निघालं. आत्या ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातल्या एका शाळेत शिकवायची, तिची निवृत्ती दोन वर्षांवर होती. आतोबांनी घरी अवाक्षर काढलं नाही. बातमी आत्याला शाळेत, बरोबरच्या एका बाईंकडून कळली. ती घरी आली तर हे बॉनेटखाली. यंदा एकूण एक नळी बदलायची, असा त्यांनी पण केला होता. आधी त्यांनी गॅसच्या शेगडीची नळी लावून पाहिली. मुरारपर्यंत गेले आणि तिथे गरम तेलाने ती मऊ पडून चपटी झाली. गाडी ढकलत परत आणावी लागली. मग ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एकाने तेलाला दाद न देणारी जाड नळी दिली. पण इंजिनाकडच्या तोंडांत काकवीसारखा काळा, चिकट गाळ बसला होता. रॉकेल ओतून, आत्याच्या विणकामाच्या सुईने तो कोरून काढायचा उद्योग तीन दिवस चालला. त्या तीन दिवसांत नवराबायको एकमेकांशी फक्त जेवायला वाढलंय, एवढंच बोलले.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पायरीवर बसून नव्या नळ्या पुसत होते. आत्या बाहेर आली आणि तिने त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

"अहो, मला सांगायचं नव्हतं का?"

ते नळी आवळायच्या पट्टीचा स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, जा. तेच तर ऐकायचं नव्हतं मला."

आत्याने सुई परत त्यांच्या हातात दिली. टॉर्च उचलला आणि ते वाकले होते त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड धरला. "जा," ती म्हणाली. "पण सगळं नीट घट्ट करून जा."

दुपारी इंजिन सुरू केलं. हातमोजा पहिल्यांदाच लुळा पडून राहिला. इतक्या वर्षांचं दुखणं गेलं, तशी आत्या आत जाऊन त्यांची बॅग भरू लागली.

दोन दिवसांचा रस्ता काटत आतोबा त्याच गाडीने एकटे रायपूरला गेले. वाटेत गावोगावच्या एसटीडी बूथवरून फोन यायचा. तेल गळत नाही, नळ्या ठीक आहेत. पुढे दर रविवारी हीच खुशाली. आपला ताप, मेसची पाणचट डाळ, एकट्याची खोली, यातलं काही त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आत्याही फोन उचलून हेच विचारायची, "नळ्या कशा आहेत?"

ती निवृत्त झाल्यावर तिला पोचवायला मी बरोबर गेले. रायपूर स्टेशनबाहेर आतोबा दोन सायकलरिक्षा ठरवून उभे होते. गाडी कुठे, मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. खोलीपाशी उभी करायला जागा नव्हती, गंजायला लागली, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात विकली, असं सांगून ते लगबगीने सामान चढवायला लागले. मी आत्याकडे पाहिलं. तिला मुळीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

रिक्षात बसल्यावर मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"ती गाडी दोन वर्षांत एकदाही आजारी पडली नाही," आत्या म्हणाली. "मला नाही का कळणार?"

"मग दर रविवारी विचारत का राहिलीस?"

"नाहीतर त्यांनी फोन काय म्हणून केला असता गं?"

पुढच्या रिक्षात आतोबा तिची ट्रंक दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. प्रत्येक वळणावर ते मान वळवून बघत होते, आमची रिक्षा मागून येतेय ना.