खपली रोग झालेला भाऊ

माझ्या यजमानांचा जन्म गेला कृषी महाविद्यालयात बटाट्याचे रोग शिकवण्यात आणि माझा हडपसरच्या कारखान्यात, मशीनवर. आमच्या जुन्या युनियनने इंग्लंडहून आलेल्या एका निवृत्त खाणकामगाराचं भाषण सदाशिव पेठेतल्या छोट्या हॉलमध्ये ठेवलं, तेव्हा दुभाषा माझ्या घरातूनच गेला. ह्यांचं इंग्रजी चोख. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार.

पाहुणे त्यांच्या खाणीतल्या लांबलेल्या संपाबद्दल सांगू लागले. ह्यांचं भाषांतर झकास चाललं होतं. मग बोलण्यात ‘स्कॅब’ हा शब्द आला आणि ह्यांचा चेहरा एकदम खुलला. ह्यांनी सांगितलं, की संपाच्या काळात गावात खपली रोग आला. सालीवर खरबरीत खपल्या धरतात, अशी पदरची माहितीही जोडली. सालीचा उल्लेख कुणालाच खटकला नाही. पाहुणे पुढे बोलले आणि ह्यांनी आवाज खाली आणला.

“त्यांच्या सख्ख्या भावालाही हा रोग झाला. तेव्हापासून ते त्याच्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत.”

हॉल हळहळला. पण माझ्या शेजारी, कारखान्यात शेजारच्याच मशीनवर असलेली माझी मैत्रीण बसली होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आजारी पडला म्हणून बोलणं टाकलं? बरी माणुसकी आहे.”

ह्यांनी तेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. पाहुणे गोंधळले. भाऊ चांगला धडधाकट आहे, म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. संपात माणसं कशामुळे बोलणं टाकतात हे मला ठाऊक होतं. आमच्या संपात गेटमधून आत गेलेल्यांकडे आम्ही हळदीकुंकवालासुद्धा जात नव्हतो. मी उभी राहिले. “अहो, रोग नाही. त्यांचा भाऊ संपफोड्या होता.”

ह्यांनी पाहुण्यांकडून खात्री करून घेतली. मग जो हशा उसळला, तो थांबेचना. ह्यांनी मात्र हार मानली नाही. जखमेवरची खपली, बटाट्याचा रोग, मेंढ्यांची खरूज आणि संपफोड्या, सगळ्यांना इंग्रजीत ‘स्कॅब’च म्हणतात, असं त्यांनी समजावलं. शब्दांची टंचाई दिसते, एवढंच मैत्रीण म्हणाली. पाहुणे हसून हसून डोळे पुसत होते.

बाहेर आल्यावर पाहुण्यांनी सांगितलं, की भावाशी हल्ली फक्त वाढदिवसाला बोलणं होतं. आणि तिथेच फुटपाथवर, स्कूटरींच्या मधे उभं राहून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलेलं. भाऊ अंथरुणातच होता. पुण्यात तुला रोगी ठरवलंय आणि सगळ्यांना तुझं फार वाईट वाटलंय, असं त्यांनी त्याला सांगितलं. भाऊ उशीला टेकून बसला. मग म्हणाला, “आता बरा झालोय का, विचार त्यांना.”

ह्यांनी भाषांतर केलं. मैत्रिणीने फोनमध्ये डोकं घातलं. “पूर्ण बरे आहात हो. पुढच्या खेपेला तुम्हीही या.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आमच्यापुढे मिसळ आली, तरी दोघं भाऊ बोलतच होते. फोन तर्रीच्या वाटीला टेकवून ठेवला होता, आणि तिकडे भाऊ अजून गादीवरच, पोट धरून हसत होता.