पडदा एक खाट अलीकडे

लेकीची क्लासजवळची खोली बदलून द्यायला मी दोन दिवसांसाठी लातूरला गेलो आणि डेंग्यू होऊन सहा दिवस दवाखान्यात राहिलो. नांदेडला बायकोला फोनवर सांगितलं, घाबरू नको, प्लेटलेट अठ्ठावन्न हजार आहेत. दीड लाख पाहिजेत, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त शिल्लक आहेत. त्यावर ती रडायलाच लागली. आकड्यांनी माणसाला धीर येतो असं मला वाटतं. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला वाटत नाही.

दवाखाना लहान होता. एकच लांब खोली, ओळीने सात खाटा. एक ते चार पुरुषांच्या, पाच ते सात बायकांच्या, मध्ये तारेवर हिरवा पडदा. पंखे तीन, त्यातले दोन आमच्याकडे आणि एक बायकांकडे. मी तीन नंबरला होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार नंबरवर नवा पेशंट आला. सिस्टरने फाईल खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि मी ती वाचली. समोर कागद पडला की मी वाचतोच. पुरुष, वय पंचवीस, प्लेटलेट एकवीस हजार. आणि समोर उभी होती निळा पंजाबी ड्रेस, लांब वेणी, कानात बारीक डूल, हातावर सलाईनची सुई चिकटवलेली. डोळ्यांना एक दिसत होतं आणि कागदावर दुसरंच होतं. मी जन्मभर कागदाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस.

"या भाऊ, बसा," मी म्हणालो. "एकवीस हजार म्हणजे फारच कमी."

सगळ्या खोलीने ऐकलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, "मी भाऊ न्हाई," म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

सिस्टर मागे धावली. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"अगं, सलाईन लावायचंय. चल आत."

"बायकांकडं खाट द्या. न्हाईतर मी घरी जाते."

"बायकांकडं तिन्ही खाटा भरल्यात. अन् तुझ्या आधारवर..."

"आधार बदलायला टाकलंय. तोवर ताप थांबणार हाय का?"

सिस्टर आत आली ती माझ्यावरच घसरली. "काका, तिच्या हिरड्यांतून रक्त येऊन राहिलंय. सोबत कुणी न्हाई. अशी घरी गेली तर?" एकवीस हजारांतून खाली किती जागा उरते ते मला कळत होतं.

दोन नंबरवर औशाचे एक मामा होते. ते म्हणाले, "येत न्हाई तर न्हाई. खाट मोकळी राहिली तर हवा तरी लागंल."

पडद्याआडून जळकोटच्या एका आजींचा आवाज आला. "कोण रं ते, भाऊ म्हणलं?"

मी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"तीन नंबर," मामांनी ताबडतोब सांगितलं.

"शिकलेला दिसतोय," आजी म्हणाल्या.

मी उताणा पडून वर बघत होतो. तेव्हा दिसलं की प्रत्येक दोन खाटांच्या मधे भिंतीत तारेसाठी खिळा आहे. समोरच्या भिंतीतही तसेच खिळे होते. सिस्टरला विचारलं, "हा पडदा सरकतो का?"

"रोजच सरकतो, काका. परवा पाच बायका होत्या, तवा तुमच्या खाटेच्या पलीकडं होता."

"मग आज चार आहेत," मी म्हणालो.

सिस्टर लगेच डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली.

मॅडम आल्या त्या आत न येता आधी बाकावर तिच्या शेजारी बसल्या. "तुला काय नावाने हाक मारू?" तिने सांगितलं. मॅडमनी ते फाईलवर सगळ्यात वर लिहिलं. "औषधासाठी शरीराचं जे कळायला लागतं ते मी तुला एकटीला विचारीन. खोलीला ऐकवायची गरज नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी दारातून माझ्याकडे बघत म्हटलं.

आत येऊन त्यांनी बायकांना विचारलं. सहा नंबरची बाई कुरकुरली, "आम्हाला कपडे बदलायचे असतात."

"तीन दिस झाले, त्योच गाऊन हाय तुझा," आजी म्हणाल्या. "वढा पडदा."

एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण मामा उठून बसले. "मॅडम, ती कुणीका असंना, आमचं काय म्हणणं न्हाई. पर पंखा?"

चार नंबरवरचा पंखा पडद्यापलीकडे जाणार होता. मला हिशोब सांगावाच लागला: आत्तापर्यंत आपल्याकडे खाटा चार आणि पंखे दोन, त्या तिघी आणि पंखा एक. म्हणजे एका पंख्याखाली आपण दोघे, त्या तिघी. आता आपण तिघे होऊ आणि त्या दोघी-दोघी. फक्त उलटं झालं.

"तुमी कुणाच्या बाजूनं हाव?" मामा म्हणाले.

"हवा माझीच जाणार आहे, मामा. तुमचा पंखा तुमच्या डोक्यावरच आहे."

मामांनी वर पाहिलं, खात्री केली आणि परत आडवे झाले. सिस्टर आणि मी मिळून तार एक खिळा अलीकडे आणली. मी तारेचं टोक धरलं होतं, निळ्या ड्रेसमधली ती बाहेरून आत आली आणि माझ्याकडे न बघता पलीकडे गेली. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात सिस्टरने पडदा ओढला. मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, "माझं चुकलं." उत्तर आजींनी दिलं: "कळलं. पड आता."

सलाईन सुरू झालं. रात्रभर मला घाम येत होता. पलीकडे आजी तिला विचारत होत्या, शिलाई कुठं शिकलीस, ब्लाऊजची किती घेतेस, अन् एवढी महाग कशी.

सकाळी रिपोर्ट आले. माझे चौसष्ट हजार, मामांचे ऐंशी. मी सिस्टरला चार नंबरचा आकडा विचारला. ती म्हणाली, त्यांनाच विचारा. मी पडद्याजवळ जाऊन विचारलं, "ताई, किती आले?"

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली.

"सांगू नगं त्याला," आजी म्हणाल्या.

तिने सांगितला नाही, मला अजून माहीत नाही. आल्यापासून चौथ्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत बाहेरचा जिना उतरून गेली, एवढंच मी खिडकीतून पाहिलं. आकडा वाढलेला असणार.