चार कोयते, आठ माणसं

नऊ डिसेंबर, सकाळी साडेदहा. रक्कम सदतीस हजार आठशे रुपये. हजर चौघे: मी, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे यजमान, आमची गूळ पावडर घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीची तपासणी अधिकारी, आणि आमचा ऊस तोडणारी एक बाई. त्या बाईचा नवरा हजर नव्हता. तो आदल्या दिवशीच चार दिवसांसाठी आटपाडीकडे आपल्या गावी गेला होता.

कराडजवळच्या मलकापूरपासून सहा किलोमीटरवर आमचा ऊस आहे आणि उसाच्या कडेलाच गुऱ्हाळ. यजमान नोकरीत असताना एकवीस वर्षं घरचा, शेताचा सगळा हिशेब मी ठेवला. ते परत आल्यावरही तो माझ्याकडेच राहिला, कारण त्यांना बेरीज येते पण पावती जपता येत नाही.

कंपनी आमची पावडर परदेशात पाठवते. तिथल्या घेणाऱ्यांना माल बनवताना कुणा माणसाला इजा होत नाही ना, कुणी फसवलं जात नाही ना, हे कळायला हवं असतं. त्यासाठी कंपनीने सव्वीस प्रश्नांचा एक फॉर्म दिला होता. वर लिहिलं होतं, ‘कामगारांच्या मानवी हक्कांना असलेली जोखीम’. मथळा वाचून मला वाटलं, हे मोठ्या कारखान्यांसाठी असणार. पण प्रश्न वाचत गेले तसं पटत गेलं. मागच्या हंगामात काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, उकळता रस उडून एका कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. म्हणून काहिलीभोवती लोखंडी कठडा करून घेतला. चुलीत चिपाड घालणाऱ्याला जाड हातमोजे आणले. प्यायच्या पाण्याला फिल्टर, औषधांची पेटी, काहिलीजवळ मुलांना बंदी. सगळ्याच्या पावत्या फॉर्मला जोडल्या. ‘एकूण कामगार किती?’ या प्रश्नापुढे लिहिलं: नऊ. गुऱ्हाळावर पाच, तोडीला चार.

त्या दिवशी सकाळी, अधिकारी यायच्या आधी, ती बाई दारात आली. तिशीची असेल. दिवाळी झाल्यापासून बेचाळीस दिवस ती आणि तिचा नवरा आमच्याकडे तोड करत होते.

“वैनी, आमचा काल हिशेब झाला न्हवं? माझं द्या. आज दुपारच्या यष्टीनं आटपाडीला जायाचं हाय.”

मी म्हटलं, “अगं, काल संध्याकाळी सगळे तुझ्या मालकाच्या फोनवर पाठवले. तो सांगून गेला नाही?”

ती पायरीवर बसली. आटपाडीला तिच्या मामाच्या ओळखीत दोन गाभण मेंढ्या होत्या. सौदा अठरा हजारांना ठरला होता आणि मामाने बुधवारपर्यंतच थांबवून ठेवला होता. मागच्या वर्षी दिराच्या बोअरसाठी तिच्या सगळ्या मेंढ्या विकल्या होत्या. त्या तिला माहेरून मिळालेल्या होत्या. या दोन मेंढ्या घ्यायच्या म्हणूनच ती या वर्षी तोडीला आली होती.

ती अशी बसलेली असतानाच अधिकारी आली. पोर माझ्या मुलीएवढी. घरात चहाला न येता आधी कामगारांच्या खोपींकडे गेली. परत आली ती माझा फॉर्म हातात घेऊनच.

“काकू, तोडीला चार जण लिहिलेत. खोपीत आठ अंथरुणं आहेत.”

“चार कोयते आहेत. त्यांच्या बायका असतात ना बरोबर.”

“त्या काम करत नाहीत?”

मी काही बोलायच्या आत पायरीवरची हसली. “आवं ताई, आमी काय शोभेला आलोय व्हय? त्यो तोडतो, मी पाला काढती, मोळी बांधती, डोक्यावर घिऊन ट्रॉलीत भरती. परत भाकरी मीच थापती.”

आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा असला तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर देतात, टन कोयत्यावर मोजतात, नाव नवऱ्याचं घालतात. माझ्या रजिस्टरात चार ओळी होत्या आणि आठ माणसं राबत होती. कुणाचे किती टन, कुणाची किती उचल, मी किलोपर्यंत सांगू शकत होते. त्या चार बायकांची नावं मात्र मला सांगता आली नाहीत. हाका मारताना मी त्यांना ‘अगं’ म्हणत होते.

अधिकारी एकेक प्रश्न परत काढायला लागली. संडासापुढे मी ‘होय’ लिहिलं होतं.

“कुठे आहे?”

“हा काय, घराच्या मागे.”

“ताई, तुम्ही तिथे जाता?” तिने बाईला विचारलं.

“चिखलाचं पाय घिऊन हितनं गेलो तर वैनीच वरडतील की. आमी आंधारात उसात जातो. मागल्या म्हैन्यात माझ्या जावंला तितंच काय तरी चावलं.”

हे मला माहीत नव्हतं. मी ओरडले असते हे मात्र खरं.

मग पैशाचं निघालं. मी रजिस्टर काढलं. चौऱ्याऐंशी टन, टनाला साडेचारशे, सदतीस हजार आठशे. उचल बारा हजार, नवऱ्याच्या हातात. उरलेले पंचवीस हजार आठशे काल त्याच्या फोनवर.

“यातले यांचे किती?” अधिकारी म्हणाली.

कोयत्याचे दोन भाग मी कधी केले नव्हते. केले तेव्हा अर्धे अठरा हजार नऊशे आले.

यजमान मध्ये पडले. म्हणाले, “पैसे घरात गेलेत. नवरा-बायकोचं आपण कशाला बघायचं?”

“उचलीचं तर मी तोंड बी बघितलं न्हाई,” बाई म्हणाली. “त्येनं गाडीचा हप्ता भरला.”

आम्ही त्याला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तो म्हणाला, “वैनी, पैसं संपलं बगा. टेंभू योजनेचं पाणी आलंय रानात, मोटार आन पाइप घेतली. डाळिंब लावतोय. तिला सांगा, पुढल्या वर्सी मेंढ्या घिऊ.”

“पुढल्या वर्सी?” ती माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली. “डाळिंबावर तुझंच नाव, मोटारीवर तुझंच नाव, आन मेंढ्या पुढल्या वर्सी व्हय रं?”

मग तो म्हणाला, “सा हजार हायत. धाडतो.” फोन ठेवून दिला.

अधिकारी पाणी प्यायला आत गेली तेव्हा यजमान माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “एक कागद करू. मला माझा हिस्सा पोचला म्हणून ही सही करेल. रिपोर्ट क्लीन जाईल, ऑर्डर राहील. मेंढ्यांना थोडे आपण देऊ.”

हळू बोलणं सैन्यात शिकवत नसावेत. पायरीवरून आवाज आला, “सुभेदार, सही करती की. आदी पोचू तर द्या.”

यजमान ओशाळले. मीही कागद आणला नाही. इतक्या वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खोटी ओळ नाही, ती आता घालणार नव्हते.

अधिकारी निघताना म्हणाली, “काकू, मी जे पाहिलं ते लिहिणार. पैसे कुणी भरायचे हे मी सांगू शकत नाही. काय बदललं ते पाहायला महिन्याने परत येईन.”

ती गेल्यावर घरात चांगलंच वाजलं. यजमानांचं म्हणणं, एका कामाचे पैसे दोनदा देणं हा कुठला हिशेब? माझं म्हणणं, दोनदा नाही. त्याचे त्याला एकदा दिले, तिचेही त्यालाच दिले. हिला एकदाही दिलेले नाहीत. चुकीच्या माणसाला दिले ते मी दिले. ते म्हणाले, मग ते त्याच्या पुढच्या हिशेबातून कापून घे. हे मी तिला विचारलं.

“कापा की,” ती म्हणाली. “पर त्येच्या वळीतनं कापा. माझ्या न्हाई.”

ओळ वेगळी असायला हवी, हे तिने माझ्या आधी धरलं होतं. त्या संध्याकाळी नवीन रजिस्टर केलं. तोडीला आठ ओळी, आठ नावं, कोयत्याचे टन दोघांत निम्मे निम्मे. बँकेत खातं असेल तर तिथे, नसेल तर रोख, पण ज्याचे त्याच्या हातात. बाकीच्या तीन बायकांना नावं विचारली तेव्हा एकीने विचारलं, “आमच्यावर केस हाय का काय?” खोपीच्या मागे पत्र्याचा संडास उभा करायला गवंड्याला सांगितलं. फॉर्ममधला नऊचा आकडा खोडून तेरा लिहिला आणि खाली सही केली.

तिच्या नवऱ्याचे सहा हजार दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर आले. उरले बारा हजार नऊशे. गूळ पावडरीचे पैसे कंपनीकडून जानेवारीत यायचे होते, म्हणून यजमानांच्या पेन्शनमधून काढावे लागले. ते स्वतः कराडला जाऊन घेऊन आले, पण माझ्या हातात न देता टेबलावर ठेवले. नवऱ्याच्या ओळीत तेवढी रक्कम येणे म्हणून लिहिली. तो परत आल्यावर दर आठवड्याला थोडी कापायची असं फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्याने कुरकुर केली, पण नाही म्हटलं नाही.

बुधवारी, अकरा डिसेंबरला, सकाळी सात वाजता ती पिशवी घेऊन दारात उभी होती. यजमानांनी मोजले, मी मोजले, मग तिने मोजले. तिला वेळ लागला. आम्ही थांबलो. रजिस्टरात तिच्या नावापुढे तिने सही केली.

त्या दिवशी दिले अठरा हजार नऊशे रुपये, रोख. घेणारी ती स्वतः.