राखून ठेवलेला डाव

रहमतुल्ला मुकादमने जाता जाता कंपनीचं नेटवर्क कापून सूड उगवला, ही बातमी सौदीतल्या कतीफच्या त्या कामगारांच्या इमारतीत चहाआधीच पोचली. तळमजल्यावर त्याने वायरी कात्रीने कापल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर जाईतो कात्रीची कुऱ्हाड झाली.

तसं काही नव्हतं. कापलं होतं मिशअलने, तेही रियाधच्या ऑफिसात बसून, स्वतःच्या बोटांनी.

मिशअल म्हणजे रहमतच्या जागी येणारा सौदी इंजिनीअर. सौदीकरणाच्या यादीत रहमतचं पद आलं, आणि मासळीच्या शीतगृहाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या या श्रीवर्धनच्या गड्याला हुकूम झाला: तीन महिन्यांत त्याला सगळं शिकव, इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ पंधरा वर्षं आखातात काढलेल्याला वेगळा सांगावा लागत नाही.

खालच्या खोलीतला कराडचा वेल्डर तुकाराम रोज टोचायचा. "रहमतभाई, मांजरमावशीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखलं. म्हणून वाचली. तुम्हीपण एक डाव राखा."

डाव होताच. दूरच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला हुकूम देण्याआधी रहमत आणखी एक हुकूम लिहून ठेवी: पाच मिनिटांत मी थांबवलं नाही, तर सगळं पूर्ववत कर. एवढंच मिशअलला सांगायचं राहिलं होतं. विसरला होता म्हणे!

त्या दिवशी शीतगृहाचं तापमान रियाधला कळवणारी कॉम्प्युटर-मशीन गोगलगाय झाली. मिशअलने रियाधहून कार्डाची चौकशी केली. उत्तर आलं: वेग शंभर, हाफ ड्युप्लेक्स. म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, जे त्या इमारतीत आजवर कुणाला जमलेलं नाही. पठ्ठ्याने थेट वेग हजारावर ठोकला. तारेच्या पलीकडचा जोडणीचा डबा, म्हणजे स्विच, कुणीतरी कधीकाळी शंभरावर जखडलेला. दोघांचं फाटलं, लाइन मेली. आणि मिशअल त्याच लाइनवरून आत शिरलेला!

रियाधच्या पडद्यावरून शीतगृहाचं तापमान गायब. रहमतचा फोन वाजला.

"अबू जुनैद, खलास! मी मेलो." जुनैदचा बाप म्हणून तो रहमतला अशीच हाक मारी.

रहमतने फोन ठेवून दिला असता, तर मिशअल घरी आणि इकामा खिशात. पण तो शीतगृहात जाऊन मशीनसमोर बसला आणि त्याने कार्ड, स्विच दोघांनाही मोकळं सोडलं: वेग तुमचा तुम्ही ठरवा. दोघांनी गुपचूप हजार कबूल केला. मग फोनवरच त्याने पाच मिनिटांचा डाव मिशअलला शिकवला.

मिशअलने साहेबापुढे चूक स्वतःच सांगितली. वर म्हणाला, हा माणूस अजून हवा. रहमतचा इकामा वर्षाने वाढला.

तुकारामला राहवेना. "काय मावशी, शेवटी झाडही दाखवलंत? आता वर्षानंतर काय?"

तव्यावरची सुरमई उलटत रहमत म्हणाला, "तुकाराम, तुझी मावशी वाचली खरी, पण वाघ अजून खाली उभा आहे आणि ती अजून वर उपाशी बसलीय. मला खाली उतरून जेवायचं होतं."